एकशे साठ आकड्यांची स्वच्छ प्रत

३ ऑगस्ट, सोमवार

भिंगरी,

आशीर्वाद आहेत. आठ महिने तू फोन घेत नाहीस म्हणून तेही बंद होतील असं समजू नकोस. माझा आणि बाबांचा, दोघांचेही नंबर तू अडवून ठेवले आहेस हे आत्याकडून कळलं. एकाच घरातल्या आत्याचा नंबर मात्र चालतो! चालू दे. पत्र मधेच कापता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच, म्हणून लिहायला बसले.

आत्याजवळ तू म्हणालीस, "बाबांनी माझं यंत्र मुद्दाम नापास केलं. त्यांना त्यांची काचेची नळी वाचवायची होती." आत्याने ते जसंच्या तसं मला ऐकवलं. तिला काय, ती बोलून मोकळी होते. मी दिवसभर भांडी आपटत होते.

एकतीस वर्षं तुझे बाबा त्या कारखान्यात खोकल्याच्या औषधाचा दाटपणा मोजताहेत. औषध नळीत भरायचं, नळी कोमट पाण्यात उभी करायची, आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद लागले ते घड्याळावर धरायचं. सगळं धरून एका नमुन्याला पाऊण तास. एकतीस वर्षांत त्यांनी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. त्यापायी दोनदा बढती हुकली, तेव्हा तू शाळेत होतीस, तुला कळू दिलं नाही. तो माणूस पोटच्या पोरीचा आकडा खोटा लिहील?

आणि तुझं यंत्र तिथे आणवलं कुणी? त्यांनीच. "आपण पाऊण तासात करतो ते माझी मुलगी दीड मिनिटात करते," असं मोठ्या साहेबांच्या बैठकीत सांगून आले. त्या दिवशी घरी येताना शीळ घालत होते. दहा टाक्यांचे दहा नमुने लावले. नऊ जुळले. सातव्या टाकीची झडप गळत होती, औषधात पाणी जास्त पडलं होतं. नळी म्हणाली, पातळ. तुझं यंत्र म्हणालं, बरोबर आहे. लहान मुलांचं औषध ते! त्यावर त्यांनी 'भरवसा ठेवता येत नाही' असं लिहून सही केली. यात त्यांचं काय चुकलं ते मला सांग.

आता वीस तारखेला तुझ्या संस्थेची समिती बसणार, हाच अहवाल समोर ठेवणार, आणि तुझं पाच वर्षांचं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवणार. हेही आत्याकडूनच कळलं. मला त्याचं काही वाटत नाही असं तुला वाटतं का? पण चूक झाली असेल तर तुझ्याकडेच कुठेतरी झाली असणार. तुझी आकड्यांची यादी मुंगीएवढ्या अक्षरात होती. यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरतोय, म्हणून ते कागद घरी घेऊन आले, आणि मी मोठ्या अक्षरात अक्षर न् अक्षर उतरवून दिले. त्यांनी ते यंत्रात भरले. मधे कुणी हात घातलेला नाही.

बाबांशी बोल. बोलवत नसेल तर निदान भांड.

आई

९ ऑगस्ट, रविवार

भिंगरी,

उत्तर नाही. आत्या म्हणते पत्र पोचलं. म्हणजे तू तिला 'पोचलं' म्हणून सांगितलंस. मला दोन ओळी लिहायला मात्र तुझा हात दुखतो.

साहेबांनी तुझं यंत्र बांधून परत पाठवायला सांगितलं, म्हणून हे ते घरी घेऊन आले. बांधलं मात्र नाही. तीन दिवस ते जेवणाच्या टेबलावर मांडलेलं आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. आधी पाणी झालं, मग गोडेतेल, आणि आज साखरेचा पाक. पाक तरी किती प्रकारचा? पातळ, मध्यम, दाट, त्याहून दाट. माझा साखरेचा डबा तळाला लागला. मी म्हटलं, "घरच्यांना चहा अर्धा चमचा साखरेचा, आणि हिच्या डबीला वाटीवाटीने!" तर हे म्हणाले, "पाक फेकणार नाही, गाळून देतो." त्या पोलादी डबीतून निघालेला पाक चहात घालू म्हणतात.

या निमित्ताने मला तुझं काम पहिल्यांदा कळलं, तेही यांच्या तोंडून. तू कधी सांगितलं नाहीस. डबीच्या एका भिंतीतून आवाज सोडायचा, आपल्या कानाला ऐकू न येणारा, आणि समोरच्या भिंतीने तो ऐकायचा. काही सुरांना आतलं पाणी घुमतं, काहींना मख्ख बसतं. कोणकोणत्या सुरांना घुमलं ते समजलं की आत काय आहे आणि किती दाट आहे ते काढता येतं. चार हजार सूर एकापाठोपाठ लावले तर पाऊण तास जातो, नळीइतकाच. तू म्हणतेस, एकशे साठच लावा, मधलं मी गणिताने भरून काढते. एवढंच ना?

तर यांनी चार हजार लावून पाहिले. उत्तर यांच्या घरच्या जुन्या नळीशी तंतोतंत जुळलं. मग यादीतले एकशे साठ लावले. पातळ पाक असो, दाट असो, यंत्राचं एकच म्हणणं, 'बरोबर आहे'.

आत्या तिथेच वाती वळत होती. म्हणाली, "म्हणजे माझ्या थोरल्या दिरांसारखं. पुढ्यात काहीही वाढा, 'छान झालंय'."

एरवी हे हसले असते. आज हसले नाहीत. म्हणाले, "डबी चांगली आहे. घोटाळा आहे तो सूर गाळण्यात. ही कल्पनाच लंगडी असेल तर मला तसं संस्थेला कळवावं लागेल."

"आणखी एक अहवाल?" मी विचारलं.

"आणखी एक."

"अहो, पोरीचं काम आहे ते."

"म्हणूनच. परक्याचं असतं तर एकावर भागवलं असतं."

या माणसापुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. वीस तारखेच्या आत ते लिहितील, आणि त्यांच्या सहीचा दुसरा कागद गेला की समितीला विचार करायलाही काही उरणार नाही. तू त्यांना लिही. कुठे चुकतंय ते तुम्ही दोघं मिळून बघा. मी मधे पडून काही उपयोग नाही, मला काय कळतं त्यातलं.

आई

१३ ऑगस्ट, गुरुवार

भिंगरी,

हे थोडक्यात लिहिते. सकाळी चहाच्या वेळी हे कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने कुंपण काढत बसले होते. खरंखुरं कुंपण, उभे खांब. म्हणाले, "या डबीत घुमणारे सूर असे सारख्या अंतरावर येतात, कुंपणाच्या खांबांसारखे. औषध बदललं की अंतर बदलतं. आता डोळे मिटून या कुंपणाशेजारून चाल, आणि मोजून दर पंचवीस पावलांनी डोळे उघड. काय दिसेल?"

मी म्हटलं, "खांब दिसेल, नाहीतर नाही दिसणार."

"तेच तर. सारख्या अंतरावरचे खांब आणि सारख्याच अंतरावर उघडलेले डोळे. दोन निराळ्या अंतरांची कुंपणं अगदी एकसारखी भासतील. मग यंत्र आपलं नेहमीचं उत्तर धरून बसतं. डोळे कसेही, वेडेवाकडे उघडले, कधी दोन पावलांनी, कधी साठ, तरच खरं अंतर सापडतं. मला बापड्याला हे आठवड्यात कळलं. तिला पाच वर्षांत कळू नये? हजारापासून पंचवीस-पंचवीसच्या पायऱ्या! एखाद्या कारकुनाने केल्यासारख्या. भरतानाच मला खटकलं होतं. पण कृतीत लिहिलंय तसंच करायचं, ही आमची शिस्त."

मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. "तिची बुद्धी मी उगाच मोठी समजत होतो," म्हणाले.

आत्या म्हणाली, "वहिनी, दूध उतू चाललंय."

ते पुसायचं आहे. तुझ्याकडे मूळ यादीची प्रत असेलच ना? असली तर बाबांना पाठव. मी मागितली म्हणून लिहू नकोस, आपणहून पाठवल्यासारखी पाठव.

बाकी सर्व ठीक.

आई

१४ ऑगस्ट, शुक्रवार

भिंगरी,

बाकी काही ठीक नाही. कालचं पत्र पोचलं की बाजूला ठेव. हे जादा पैसे भरून कुरियरने पाठवते आहे, म्हणजे आधी हेच पोचेल.

ते पंचवीस-पंचवीस मी केलं.

पहिल्या पत्रात लिहिलं की मी अक्षर न् अक्षर उतरवलं. ते खोटं आहे. पत्र टाकायच्या आधी मी देवापुढे ठेवते, तुला माहीत आहे. ते पत्र ठेवलं नाही. तसंच पाकिटात घालून, चिकटवून टाकून आले. म्हणजे लिहिताना मला माहीत होतं की मी लपवते आहे. ते एवढ्याला पडलं असेल हे मात्र कालपर्यंत माहीत नव्हतं. काल ते कुंपण पाहिलं तेव्हाच दूध उतू गेलं.

कसं झालं ते सांगते. तुझी यादी समोर घेऊन बसले. १००३, १०१९, १०२०, मग एकदम १०८८. दोन आकडे एकमेकांना चिकटलेले, आणि पुढे हे एवढं भगदाड. पानभर तसंच. घरखर्चाच्या वहीत असं पान दिसलं तर मी समजते की मधल्या नोंदी राहून गेल्या. मला वाटलं, घाईत केलं असणार पोरीने. तू शाळेतून वही आणायचीस ती अशीच असायची. समास तिरका, बेरीज एकीकडे, हातचा दुसरीकडे. मी बसून स्वच्छ प्रत करून द्यायचे, आणि बाई त्याच वहीला 'सुंदर' असा शेरा द्यायच्या. तुला आठवतं ना? तेच हात माझे. टोकाचे दोन आकडे जरा सरळ करून घेतले, एकशे साठ भागांत वाटले, भागाकार बरोबर पंचवीसचा आला. शेष शून्य. मला इतका आनंद झाला, काय सांगू. देवाचीच खूण वाटली. कारखान्यातल्या लोकांपुढे पोरीचा कागद नीटनेटका जाईल, एवढाच माझा विचार. एकशे साठ मागितले, एकशे साठ दिले, यात बिघडणार काय असं वाटलं.

माझा मला संताप येतो आहे. बापलेकीला आठ महिने एकमेकांशी बोलू दिलं नाही कुणी, तर मी. आणि वर 'मधे कुणी हात घातलेला नाही' असं लिहिलं.

पण तुझाही राग येतो, तोही लिहून टाकते. एवढं शिकलीस, कागदाच्या वर एक ओळ लिहायला काय झालं होतं, की आकडे मुद्दाम वेडेवाकडे आहेत? तुझ्या लोकांना ते न सांगता कळत असेल. तुझ्या आईला कोण सांगणार होतं?

बाबा सहाला येतील. आल्यावर सांगणार आहे. त्याआधी हे टाकून येते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

आई

१७ ऑगस्ट, सोमवार

भिंगरी,

सांगितलं. चहा होईपर्यंत थांबले, आणि कप हातात देऊन सांगितलं. आत्याला आधीच म्हटलं होतं, "तुम्ही जरा देवळात जाऊन या." ती म्हणाली, "नाही जात. काहीतरी मोठं दिसतंय." गेली नाहीच.

यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "मूळ कागद आहे?"

होता. पाठकोरा कागद माझ्याच्याने टाकवत नाही. मागे दोन महिन्यांच्या धुण्याचा आणि दुधाचा हिशेब होता, पुढे तुझे आकडे. त्यांनी तो खिडकीत धरला आणि भिंगातून एकेक ओळ वाचत गेले. वाचता वाचता खांदे सैल पडत गेले त्यांचे. शेवटी म्हणाले, "वेडेवाकडे आहेत. नीट वेडेवाकडे आहेत." जणू तू परीक्षेत पहिली आलीस असा आवाज.

मग माझ्याकडे वळले. "बदलताना मला विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला त्रास कशाला म्हणून."

"भाजी काय करू, हे रोज विचारतेस. आणि हे नाही विचारलंस."

एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी पंधरा ऑगस्टची सुट्टी असूनही यंत्र पाठीवर घेऊन कारखान्यात गेले. प्रत्येक टाकीतली एक बाटली तिथे वर्षभर जपून ठेवतात. सातव्या टाकीची बाटली काढली, तुझे एकशे साठ आकडे भिंग धरून एकेक करून भरले, दोन तास लागले. मग दीड मिनिट. यंत्र म्हणालं, पातळ. तीनदा लावलं, तीनदा पातळ. संध्याकाळी चपला न काढता दारातूनच सांगितलं मला.

पुढचं भांडण निवेदनावरून झालं. त्यांनी मसुदा केला, 'प्रत करताना चूक झाली, जबाबदारी माझी.' मी म्हटलं, "जबाबदारी तुमची कशी? मी केलं, मी लिहीन."

"कागद प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नसतो. तो मी नेला. माझीच आहे."

"तुमची ती तुम्ही लिहा. माझी मी लिहिते."

"कारखान्याच्या कागदावर तुझं नाव कशाला उगाच?"

"का? मॅट्रिक पास बाईचं नाव शोभत नाही का?"

आत्या म्हणाली, "दादा, लिहू दे तिला. अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे तिचं."

आज सकाळी दोघं साहेबांकडे गेलो. मी त्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एकतीस वर्षं डबा भरून दिला, डबा कुठे उघडतात ते आज पाहिलं. साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि मला विचारलं, "म्हणजे ताई, यंत्र पास?" मी यांच्याकडे पाहिलं. लेकीचं भलं करायची केवढी संधी होती! हे म्हणाले, "एका बाटलीवरून पास म्हणता येणार नाही. आधीचा अहवाल चूक होता, एवढं सांगता येतं." मला त्यांना तिथेच ढोसावंसं वाटलं.

साहेबांनी अहवाल मागे घेतला. तसं पत्र तुझ्या संस्थेला ईमेलने दुपारीच गेलं, समितीच्या तीन दिवस आधी. पण कागद बाहेर नेल्याबद्दल यांना लेखी ताकीद मिळाली. निवृत्तीला दोन महिने उरलेत, आणि इतक्या वर्षांच्या कोऱ्या पुस्तकावर तेवढाच डाग. कारखान्यात पुन्हा चाचणी होणार नाही, असंही साहेबांनी सांगून टाकलं. बसस्टॉपवर मी रडले तर हे म्हणाले, "ताकीद बरोबरच दिली त्यांनी. मी असतो तर मीही दिली असती." असा नवरा!

आता समितीला काय वाटेल ते वाटो. माझ्या हातात होतं ते केलं. जे हातात नव्हतं तेही आधीच करून बसले होते.

आई

२३ ऑगस्ट, रविवार

भिंगरी,

आज अकराला यांचा फोन वाजला. तुझं नाव बघून त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा. मी स्वयंपाकघरात होते. तुझा आवाज तिथपर्यंत येत होता, शब्द येत नव्हते. यांचे शब्द येत होते. "समितीने सहा महिने दिले? पुरे आहेत, पुरे आहेत." मग, "नाही, तापमान अर्ध्या अंशाच्या आत धरलं होतं मी." मग, "अगं, ऐक तर! आधी बुडबुडे काढायचे, बुडबुडा राहिला की आवाज अडतो." एकदा मोठ्याने हसले. ते हसू या घरात आठ महिने नव्हतं. पन्नास मिनिटं बोललात. मी हात पुसून दारात येऊन उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं. थोडा वेळ नुसतंच "हं... हं..." केलं आणि फोन ठेवला.

मग म्हणाले, "आईला नमस्कार सांगितलाय तिने."

हे डबीकडे बघत म्हणाले, माझ्याकडे न बघता. आत्या शेजारीच बसली होती, तिला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ती उठली आणि वातींचं तबक घेऊन आत निघून गेली. आत्या बोलली नाही म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.

आयुष्यात पहिल्यांदा यांनी न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगितली, आणि तीही धड जमली नाही. मी 'बरं' म्हटलं. त्यांना बसायला सांगितलं, ताट वाढलं. ते टेबलावर जेवले, कारण डबी त्यांनी आज स्वतःच उचलून कपाटात ठेवली, तुझ्याकडे पाठवायला.

रागावली आहेस ते रास्त आहे. जिच्यावर यायला हवा होता तिच्यावर राग आला, यातही मला एक बरं वाटतं आहे, खोटं कशाला बोलू. पण बाबांशी बोलताना मी दारात उभी आहे की काय, याचा घोर तुला नको. दर रविवारी अकराला फोन करत जा. त्या वेळी मी देवळात असेन, म्हणजे तुम्हा दोघांना मोकळेपणाने बोलता येईल. आत्यालाही सोबत नेते, नाहीतर ती ऐकत बसेल.

बाराला मी घरी परत आलेली असते.

आई